बोंद्रेकाकांची डावी सीट

परवा इंदूरहून येताना टॅक्सीवाल्यानं लांबूनच लाल सिग्नल पाहिला आणि धावती गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मी मागच्या सीटवरून ओरडले, "भैया, न्यूट्रल मत करो, चार्जिंग बंद हो जाती है!" गाडी हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही एकाच बॉनेटखाली. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, आप चलाती हो क्या?" नाही. मला कार चालवता येत नाही. स्कूटर येते, तीही टावर चौकातल्या भाजीपर्यंत. पण हायब्रिडच्या डॅशबोर्डवर काय चाललंय ते मला पेंगतानाही कळतं, आणि त्याला एकच माणूस जबाबदार आहे.

बोंद्रेकाका माधवनगरात आमच्या समोर राहायचे. मूळचे भुसावळचे, रेल्वेत लागले, बदल्या होत होत उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. आधी असिस्टंट, मग मालगाडीचे ड्रायव्हर, मग एक्स्प्रेसचे. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं, सुधीरनं, त्यांना ही गाडी घेऊन दिली, कारण काकूंना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी इंदूरला न्यावं लागे. डायलिसिस उज्जैनलाही होतं. पण काकूंचा विश्वास इंदूरच्या एकाच डॉक्टरांवर होता, आणि काकूंचा विश्वास म्हटल्यावर काकांपुढे विषय संपला. त्याच दोन दिवशी मला आमच्या विमा कंपनीच्या इंदूर ऑफिसात जावं लागायचं. एका सकाळी मला बसथांब्याकडे निघालेलं पाहून त्यांनी काच खाली केली.

"बसचे धक्के कशाला खातेस? चल बस. पण फुकट नाही, काम करावं लागेल."

काम काय ते नानाखेड्याच्या पुढे गेल्यावर कळलं. रेल्वेच्या इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं त्याचं नाव घेतो, आणि असिस्टंट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तेच परत म्हणतो. दोघांपैकी एकाची जरी नजर चुकली तरी दुसऱ्याला कळतं. काकांनी ही पद्धत जशीच्या तशी कारमध्ये आणली होती. फक्त सिग्नलच्या जोडीला डॅशबोर्डवरचा काटाही पुकारायचा.

तो काटा स्टिअरिंगमागे डाव्या बाजूला होता. सगळ्यात वर 'पॉवर', म्हणजे पेट्रोल भसाभसा जातंय. मधला पट्टा 'इको', म्हणजे हिशोबात चाललंय. आणि खाली 'चार्ज', म्हणजे गाडीची चाकंच उलटी वीज तयार करून बॅटरीत भरतायत. इंजिन पूर्ण बंद होऊन गाडी नुसत्या बॅटरीवर धावली की एक हिरवं चिन्ह लागायचं.

"इको," काका म्हणायचे.

"इको," मी म्हणायची.

"इंजिन बंद."

"इंजिन बंद."

"अगं झोपेत बोलतेस का? बघून बोल. बघितल्याशिवाय बोलणारा असिस्टंट नसलेला बरा."

पहिले दोन आठवडे मला हा सगळा पोरखेळ वाटला. सकाळी साडेसहाला कोण माणूस काट्याच्या नावाची आरती करतो? पण फुकट बसणाऱ्यानं तोंड कशाला उघडावं म्हणून मी पुकारत राहिले. काकू मागे शाल पांघरून आडव्या असायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "वंदना, ह्यांनी मुंजीतसुद्धा भटजींना ब्रेक कुठे मारायचा ते सांगितलं असेल."

काका उंच, काटक, रागीट. पायात पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट, कारण जाड तळव्याला पेडल कळत नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचं यंत्र. निघण्यापूर्वी चारही चाकांची हवा पाहायची, मग काकूंना हात देऊन बसवायचं. "पाचवा नंबर माझा," असं काकू सगळ्यांना सांगायच्या. हवा दोन पॉइंटांनी कमी निघाली तर काका घरातूनच पंप आणायचे आणि मी घड्याळ बघत फाटकाशी चडफडत उभी.

त्यांची वचनं ठरलेली होती. "ब्रेक म्हणजे आधी केलेल्या चुकीची कबुली." "मीटर गाडीचं सांगत नाही, ड्रायव्हरचं सांगतं." आणि सगळ्यात लाडकं, "पेट्रोल पायानं वाचवायचं नसतं, नजरेनं वाचवायचं असतं." म्हणजे असं की, पुढचा ट्रॅक्टर, पुढचा सिग्नल, पुढची म्हैस जितकी लवकर दिसेल तितका लवकर पाय उचलता येतो. मग गाडी आपल्याच वेगानं पुढे जाते, काटा हळूच चार्जमध्ये उतरतो, आणि थांबायची वेळ येईपर्यंत ब्रेकला फारसं कामच उरत नाही. रेल्वेत रुळांच्या कडेला पाट्या असतात, इथून पुढे पॉवर बंद करा म्हणून. काकांनी इंदूर रस्त्यावर मनातल्या मनात अशाच पाट्या लावल्या होत्या. त्रिवेणीच्या पुलाआधीचं कडुनिंबाचं झाड आलं की पाय वर. निनोऱ्याच्या टोलआधीचा ढाबा आला की पाय वर. टोलच्या दांड्यापाशी गाडी चालत्या माणसाच्या वेगानं पोचायची आणि स्क्रीनवरचं ॲव्हरेज लिटरला सव्वीस दाखवायचं. तेव्हा काका कोणाकडे न बघता नाक ओढायचे, एवढाच त्यांचा आनंद.

हे सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून येत होतं असं नाही. सुरुवातीचा एक महिना त्यांनी भलताच घोळ घातला होता. उतार आला, सिग्नल दिसला, की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचे. रेल्वेच्या इंजिनात पॉवर काढली की गाडी मोकळी धावते आणि फुकट धावते, तेच डोक्यात पक्कं. पण या गाडीत न्यूट्रल म्हणजे चार्जिंगही बंद. बॅटरीच्या रेघा दोनवर आल्या, इंजिन थांबेना, ॲव्हरेज पंधरावर. काका तडक इंदूरच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडले. "बैटरी डब्बा दे दी आपने! सैंतीस साल इंजन चलाया है, मुझे मत सिखाओ!" तिथली एक तरुण मेकॅनिक मुलगी शांतपणे त्यांच्या शेजारी बसली, एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "अंकल, गियर बस डी में रहने दो. हाथ मत लगाओ."

काका घरी आले आणि आठवडाभर गाडीचं जाडजूड पुस्तक वाचत व्हरांड्यात बसले. पुढच्या मंगळवारी दोन किलो सेव घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले आणि सगळ्या ग्राहकांसमोर त्या मुलीला म्हणाले, "गलती मेरी थी. गाड़ी बिलकुल सही है." मी तिथे होते. इतक्या रागीट माणसाला इतक्या सहज चूक कबूल करताना मी पाहिलं होतं, म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

एकदा वाटेत सांवेरला चहासाठी थांबलो होतो. काकू गाडीतच झोपल्या होत्या. काकांनी अचानक चौरसियाजींचा विषय काढला. काका असिस्टंट असताना चौरसियाजी त्यांचे ड्रायव्हर होते. हाताला धरून काम शिकवलेलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलेलं.

"एक दिवस माझ्या लक्षात आलं," काका म्हणाले, "की सिग्नल आधी मी बोलतो आणि ते माझ्यामागून बोलतात. पुकारायचं आधी कोणी? ड्रायव्हरनं. पण ते थांबायचे. मी बोललो की लगेच, एकदम ठसक्यात. कोणाला शक यायचा नाही. मी चार फेऱ्या नुसतं पाहिलं. पाचव्या फेरीत एका सिग्नलला मुद्दाम गप्प राहिलो."

"मग?"

"मग काय. तेही गप्प. सिग्नल लाल होता, मीच ओरडलो. उतरलो आणि जाऊन साहेबांना रिपोर्ट दिला. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, इंजिनावरून उतरवलं, कागद लिहायला बसवलं. त्यानंतर ते वारले तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत."

काकांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, "मागे बाराशे माणसं झोपलेली असतात. असिस्टंटनं मैत्री बघायची नसते."

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. नानाखेड्याचा सिग्नल मागे टाकल्यावर काका म्हणाले, "आजपासून तू आधी पुकार. मी मागून बोलीन. माझी नजर रस्त्यावर राहिली पाहिजे, खाली काट्यावर कशाला न्यायची?" मला वाटलं, बढती मिळाली! मी जोरजोरात पुकारू लागले. काट्यासोबत रस्त्यावरचंही सांगू लागले, कारण काका विचारायचे, "पुढे काय?" मी म्हणायची, "ट्रॉली, उसाची." ते म्हणायचे, "ट्रॉली." एकदम ठसक्यात.

मग ॲव्हरेज उतरायला लागलं. सव्वीसचं चोवीस, चोवीसचं बावीस. काका म्हणाले, पेट्रोलात भेसळ आहे. पंप बदलला. मग म्हणाले, थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून जास्त चालतं. हे खरंही होतं. मग रस्त्यावर खापर फोडलं, कारण सिंहस्थासाठी इंदूर रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि जागोजागी वळवलेला रस्ता, खडी, पत्र्यांच्या आडोशांमागे खोदकाम. हेही खरंच होतं. पण डाव्या सीटवर काटा माझ्यासमोर होता, आणि तो वाचायला मला काकांनीच शिकवलं होतं. पूर्वी तो चार्जमध्ये हळूहळू उतरायचा. आता शेवटच्या क्षणी धाडकन तळाला जायचा. कडुनिंबाचं झाड येऊन जायचं आणि पाय वर व्हायचा नाही. गाडी ब्रेकवर थांबत होती, नजरेवर नाही. मीटर ड्रायव्हरचं सांगतं म्हणायचे ना, तर ते सांगत होतं. काकांना पुढचं लवकर दिसत नव्हतं.

हे मला जानेवारीत कळलं आणि मार्चपर्यंत मी तोंडाला कुलूप लावून बसले. याची मला आजही लाज वाटते. मी स्वतःला काय काय सांगितलं! मी आहे ना शेजारी, मी पुकारते ना. सुधीरला फोन केला तर तो गाडीच काढून घेईल, मग काकूंचं काय? ड्रायव्हर ठेवा असं तो गेलं वर्षभर सांगत होता आणि काका त्याच्यावर फोन आपटत होते. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की चौरसियाजींचं काकांशी जे झालं ते काकांचं माझ्याशी होईल. माझे वडील मी शाळेत असताना गेले. समोरच्या घरातला हा खडूस माणूस मला फार हवा होता. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी देवाचं नाव घेऊन त्या सीटवर बसायची, पावणेदोन तास डोळ्यांची पापणी न लववता. ऑफिसात पोचेपर्यंत मान आखडलेली असायची.

मार्चमधला तो मंगळवार. सकाळी धुरकट होतं, उन्हाळ्याआधीचं असतं तसं. सांवेरच्या अलीकडे काकू मागून म्हणाल्या, "वंदना, माझ्या पिशवीत टोपी आहे बघ, कानाला वारा लागतोय." मी पिशवी मांडीवर घेतली आणि आत हात घातला. टोपी डब्याखाली अडकली होती. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच. गाडीत कोणीच काही पुकारत नाहीये, हे एकदम लक्षात आलं. मी मान वर केली.

शुक्रवारपर्यंत सरळ जाणारा रस्ता कामगारांनी डावीकडे वळवला होता. समोर सिमेंटचे ठोकळे आणि त्यांच्यामागे निळे पत्रे. आमची गाडी सरळ त्यांच्यावर चालली होती आणि काटा निवांत इकोमध्ये होता.

"काका, पत्रे! पत्रे!"

त्यांनी ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दाबला. गाडी किंचाळली, मागचं शेपूट थोडं फिरलं, माझा पट्टा छातीत रुतला. थांबलो तेव्हा पहिला ठोकळा बॉनेटपासून हातभर लांब होता. मागे काकू सीटवरून खाली घसरल्या होत्या. मी वळून पाहिलं तर त्यांनी डावा हात उजव्या हातानं छातीशी घट्ट धरलेला. त्याच हातात डायलिसिसची सुई जायची. त्या हाताला काही झालं असतं तर सगळंच संपलं असतं.

"हात वाचला," काकू म्हणाल्या. "मला वर घ्या आधी."

लाल झेंडी घेतलेला एक मजूर धावत आला आणि काकांच्या काचेवर थाप मारून ओरडला, "दिखता नहीं क्या, बाबा?"

काकांनी गाडी बंद केली. आम्ही काकूंना उचलून नीट बसवलं. मग ते पुन्हा आपल्या सीटवर येऊन बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी म्हणाले, म्हणजे माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काका, तुम्ही मला आधी बोलू देता."

त्यांनी समोर पाहतच विचारलं, "कधी ओळखलंस?"

"जानेवारीत."

"जानेवारी." त्यांनी मान वळवली. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "दोन महिने! मागे काकू झोपलेली असते आणि तू दोन महिने गप्प बसलीस? हेच शिकवलं का मी तुला?"

माझंही डोकं फिरलं. "मला काय विचारता? तुम्ही सांगायचं होतं! सर्व्हिस सेंटरच्या पोरीपुढे चूक कबूल करता येते, आणि घरात नाही? मी आज टोपी शोधत होते काका, फक्त टोपी!"

"मी रोज ठरवत होतो, ही शेवटची फेरी," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मग वाटायचं, तिला दुसऱ्याच्या भरवशावर कसं सोडू? एवढं तरी माझ्या हातात होतं ना."

"पेपर वाचायचं सोडलं तुम्ही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं," काकू मागून म्हणाल्या. "मला वाटलं, बातम्यांचा कंटाळा आला. आता दोघं नंतर भांडा. माझं मशीन नऊचं आहे."

किल्ली काढून काकांनी ती माझ्या हातात ठेवली, आणि मग लक्षात आलं की मला चालवता येत नाही. तसे आम्ही तिघं, चालायला तयार असलेली गाडी, आणि चालवायला कोणी नाही. मी फोनवरून टॅक्सी बोलावली. ती यायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत काकांनी स्वतःच सुधीरला फोन लावला. "मी गाडी सोडली," एवढंच म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, कोणी सांगितलं म्हणून नाही. मला दिसत नाही."

नंतर तपासणी झाली. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला, नजरेच्या मधोमध धुकं आणि कडेनं दिसतंय असा. गाडी विकली. काकूंचं डायलिसिस उज्जैनलाच सुरू झालं आणि तिथला डॉक्टरही त्यांना हळूहळू पटला. पावसाळ्याआधी सुधीर दोघांना पुण्याला घेऊन गेला. काका माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत. उलट फाटकाशी दिसले की जानेवारी ते मार्चचा हिशोब काढून रागवायचे, आणि मी ऐकून घ्यायची, कारण ते बरोबर होते. आता फोन येतो, तेव्हाही कधीकधी रागवतात.

पण आठवतात ते मला त्या सकाळचेच. पांढरी टॅक्सी आली. काकूंना मागे बसवलं, पिशवी दिली. मी म्हणाले, "तुम्हीही चला, गाडी राहू दे." ते म्हणाले, "गाडी रस्त्यात टाकून ड्रायव्हर जात नसतो. सुधीर माणूस पाठवतोय. तू जा, तिची वेळ चुकवू नको." मग वाकून टॅक्सीवाल्याला म्हणाले, "भिया, आराम से. पेशंट है."

ते निळ्या पत्र्यांच्या पुढे, वळवलेल्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आम्हाला मुख्य रस्त्यावर यायला जरा थांबावं लागलं. तेवढ्यात दुसरी एक पांढरी गाडी आमच्या पुढून निघून गेली. काकांनी तिला हात केला. आम्ही त्यांच्या अगदी जवळून गेलो तेव्हा काकूंनी काचेवर पंजा टेकवला. काका अजून त्या पुढच्या गाडीलाच हात हलवत होते.